खर्चाला कुंपण, देणगीला मोकळं रान

विधानसभेच्या उमेदवाराने अर्ज भरला की त्याच्या हातात एक वही येते. तिची पानं तीन रंगांची असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोख रकमेचा हिशेब आणि पिवळ्यावर बँकेचा. ही वही लिहिणं हे माझं काम. वसईतल्या पापडीला माझा करसल्ल्याचा व्यवसाय आहे, आणि निवडणूक लागली की कुणी ना कुणी उमेदवार हिशेबासाठी येतोच. पक्ष कुठलाही असो, नोंदी त्याच असतात. मांडववाल्याचं बिल, रिक्षावर बांधलेल्या भोंग्याचं भाडं, पत्रकांची छपाई, बूथवरच्या पोरांचा चहा आणि वडापाव. चहाचा भावसुद्धा आम्ही ठरवत नाही. खुर्चीपासून हारापर्यंत प्रत्येक वस्तूचं दरपत्रक जिल्हा निवडणूक अधिकारी काढतात, आणि दुकानदाराने कमी घेतले तरी नोंद त्या दरानेच करावी लागते. प्रचाराच्या दिवसांत निदान तीनदा ही वही खर्च निरीक्षकापुढे ठेवायची. त्यांच्या पथकांनी सभांची चित्रफीत पाहून लिहिलेली दुसरी वही त्यांच्यापाशी असते, तिच्याशी आपली ताडून घ्यायची. निकालानंतर ३० दिवसांच्या आत पुरा हिशेब दाखल करायचा. न केल्यास तीन वर्षं निवडणूक लढवायला बंदी.

पूर्वी हा हिशेब घेऊन ठाण्याला जावं लागे. वसई रोडहून दादर, दादरहून ठाणे, आणि बगलेत व्हाऊचरांचं गाठोडं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला तेव्हापासून ती वारी उत्तरेला वळली. मर्यादाही बदलत गेली. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराला २००९ साली १० लाख रुपये खर्च करता येत होते. २०११ मध्ये ते १६ लाख झाले, २०१४ मध्ये २८ लाख, २०२० मध्ये ३० लाख ८० हजार आणि जानेवारी २०२२ पासून ४० लाख.

एवढा काटेकोरपणा चालतो तो खर्चाच्या बाजूला. शेवटच्या अनुसूचींमध्ये जमेची बाजू येते. उमेदवाराचे स्वतःचे पैसे किती, पक्षाने किती दिले, इतर माणसांनी किंवा कंपन्यांनी देणगी, भेट वा कर्ज म्हणून किती दिले. इथे नाव मागतात, रक्कम मागतात, तारीख मागतात. पण एका माणसाने एका उमेदवाराला जास्तीत जास्त किती द्यावे, हे कुठेही लिहिलेलं नाही. चाळीसच्या चाळीस लाख एकाच माणसाने दिले तरी वही बिनचूक ठरते. आणि उमेदवाराला न देता त्याच्या पक्षाला दिले तर चाळीस लाखांचं बंधनही उरत नाही. हिशेबाच्या धंद्यात आयुष्य गेलेल्या माणसाला जमेची बाजू अशी उघडी टाकलेली पाहवत नाही. हे असं का झालं, याचा माग काढायचं मी ठरवलं. तो माग मुंबईच्या उच्च न्यायालयातून, नगरमधून, भोकरमधून फिरून पुन्हा आपल्या विरारला येतो.

सुरुवात इंग्रजी अमलात आहे. उमेदवाराच्या खर्चावर मर्यादा घालण्याची कल्पना ब्रिटनने १८८३ च्या कायद्यात आणली. आपल्याकडे माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतरच्या कौन्सिलच्या निवडणुका आल्या तेव्हा, १९२० मध्ये, भारतीय दंड विधानात निवडणूक-गुन्ह्यांचं एक नवं प्रकरण घालण्यात आलं. त्यातलं १७१ ह हे कलम मला फार बोलकं वाटतं. उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्या प्रचारासाठी कुणी सभा भरवली, जाहिरात दिली, पत्रक छापलं, तर दंड. म्हणजे बाहेरच्या माणसाने परस्पर पैसा ओतू नये, ओतला तर तो उमेदवाराच्या हिशेबात यावा, एवढी समज शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्याला होती. दहा रुपयांपर्यंतच्या खर्चाला तेवढी सवलत होती, आणि तीही दहा दिवसांत उमेदवाराची मान्यता घेतली तर. दंड होता जास्तीत जास्त पाचशे रुपये. १९२० साली पाचशे रुपये ही दचकवणारी रक्कम होती. हाच पाचशेचा आकडा २०२४ च्या ३० जूनपर्यंत कायद्यात तसाच राहिला. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा त्याचे दहा हजार झाले. मधल्या काळात स्वातंत्र्य आलं, मतदार काही लाखांचे काही कोटी झाले, आणि परस्पर पैसा ओतणाऱ्याचा दंड एका जेवणावळीच्या बिलापेक्षाही खाली घसरला. कुणाला तो वाढवावासा वाटला नाही, ही गोष्ट मला सहज घडलेली वाटत नाही.

स्वतंत्र भारताने १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात खर्चाची मर्यादा ठेवली. पहिल्या लोकसभा निवडणुकीत ती २५ हजार रुपये होती. मर्यादेबाहेरचा खर्च हा भ्रष्टाचार मानला गेला आणि त्यावरून निवड रद्द होऊ शकत होती. देणगीबद्दल मात्र त्या कायद्यात काही नव्हतं.

तो प्रश्न पुढे आणला तो एका कारखान्याने. १९५७ साली टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या घटनापत्रात बदल करायचं ठरवलं. राजकीय पक्षांना पैसे देण्याचा अधिकार कंपनीला हवा होता, आणि असा बदल करायला त्या वेळी न्यायालयाची मंजुरी लागत असे. एका भागधारकाने विरोध केला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती महमदअली करीम छागला यांच्या खंडपीठापुढे आलं.

छागलांची अडचण सरळ होती. कंपनीने पक्षाला पैसे देऊ नयेत असं सांगणारा कायदाच देशात नव्हता. कायद्यात बंदी नाही, तर मंजुरी नाकारायची कशाच्या आधारावर? त्यांनी मंजुरी दिली, पण ती देताना जे लिहिलं ते आजही वाचण्यासारखं आहे. लोकशाही प्रत्येकाला एक मत देते आणि धोरणं चर्चेतून ठरतील असं गृहीत धरते. मोठ्या पैशाला पक्षांच्या तिजोरीची वाट मोकळी मिळणं हा धोका आहे, तो वाढत जाईल आणि शेवटी लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, असा इशारा त्यांनी दिला, आणि संसदेने यात लक्ष घालावं असं निकालपत्रातच सांगितलं. भागधारकाची बाजूही त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. ज्याने पोलादाच्या धंद्यात पैसे गुंतवले, त्याचे पैसे त्याला नको असलेल्या पक्षाकडे जाऊ शकत होते. त्याच सुमाराला कलकत्ता उच्च न्यायालयापुढेही अशाच एका पोलाद कंपनीचं प्रकरण आलं आणि तिथल्या न्यायमूर्तींनीही असाच धोका बोलून दाखवला.

पुढच्याच वर्षी, १९५८ च्या आरंभी, छागलांकडे मुंदडा प्रकरणाची चौकशी आली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या कंपन्यांमध्ये सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते, आणि फिरोज गांधींनी ते लोकसभेत उघड केलं होतं. ही चौकशी छागलांनी मुंबईत सर्वांसमोर चालवली. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना राजीनामा द्यावा लागला. या दोन्ही कामांतले छागला मला एकाच माणसासारखे दिसतात. पैशाचा हिशेब चारचौघांत व्हावा, ही त्यांची धारणा होती.

त्यांच्या इशाऱ्याचा परिणाम झाला. १९६० मध्ये संसदेने कंपनी कायद्यात २९३ अ हे कलम घातलं. कंपनीने वर्षाला २५ हजार रुपये किंवा मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या पाच टक्के, यांतली जी रक्कम मोठी असेल तेवढीच राजकीय देणगी द्यावी, आणि ती कुणाला दिली हे नफा-तोटा पत्रकात छापावं. देणगीवरची ही आपल्याकडची पहिली मर्यादा, आणि तिचा उगम मुंबईतल्या एका निकालपत्रात आहे, हे महाराष्ट्राने अभिमानाने सांगायला हवं.

योगायोग असा की त्याच १९६० साली नव्या महाराष्ट्र राज्याने सहकारी संस्थांचा कायदा केला. वसईत पतपेढ्या, सोसायट्या, बँका गल्लोगल्ली आहेत. बसीन कॅथलिक बँक तर १९१८ पासूनची. आगाशीपासून माणिकपूरपर्यंतचा माणूस वार्षिक सभेला अहवाल उघडून ताळेबंद वाचतो, बुडीत कर्जावर उभा राहून प्रश्न विचारतो. त्या सहकार कायद्यात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत. एका सभासदाला एकच मत, भाग कितीही असोत. आणि एका सभासदाकडे एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त भाग असू नयेत. नुसतं समान मत देऊन भागत नाही, एकाच्या पैशाचा दाबही आवरावा लागतो, हे कायदा करणाऱ्यांना पतपेढीच्या बाबतीत कळत होतं. विधानसभेच्या बाबतीत ते कळलं नाही, असं मी कसं मानू?

१९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्ण बंदी घातली. वरवर पाहता हा छागलांच्या चिंतेवरचा रामबाण उपाय. प्रत्यक्षात मोठ्या उद्योगांचा पैसा स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाकडे वळू लागला होता आणि काँग्रेसही त्याच वर्षी फुटली, हा संदर्भ विसरता येत नाही. बंदीच्या जोडीला पक्षांना पैसा मिळण्याची दुसरी उघड सोय काही केली गेली नाही. त्यामुळे पैसा थांबला नाही, तो वहीतून बाहेर पडला. चेकने जाणारी, ताळेबंदात छापली जाणारी देणगी रोखीत आणि बॅगेत गेली. १९८५ मध्ये बंदी उठवून पाच टक्क्यांची मर्यादा पुन्हा आली, तोवर सोळा वर्षं गेली होती आणि रोखीची सवय हाडीमाशी खिळली होती. आजही उमेदवाराकडचा माणूस माझ्यासमोर बसून पहिला प्रश्न विचारतो, तो यातलं रोखीत किती दाखवायचं, हा. त्या प्रश्नाचं मूळ १९६९ मध्ये आहे असं माझं मत आहे.

त्याच काळात आपल्याकडे दुसरी एक रीत जिवंत होती, आणि तिच्याबद्दल मला फार प्रेम आहे. पावतीपुस्तकाची रीत. एक व्होट, एक नोट. १९७७ च्या निवडणुकीत आणीबाणीतून सुटलेल्या उमेदवारांसाठी सभांमधून चादरी फिरत, लोक त्यात नोटा आणि नाणी टाकत. पापडीच्या आठवडी बाजारात कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन हिंडत, ते मला आठवतं. केळी विकायला आलेली बाई पदराची गाठ सोडून दोन रुपये काढी आणि पावती नीट घडी करून त्याच गाठीत बांधी. पानवाला बागाईतदार पाच देई, मास्तर दहा. सामवेदी, वाडवळ, कोळी, आगरी, कुणी त्यात मागे नव्हतं. जमलेल्या पैशांत जीपचं पेट्रोल आणि झेंड्यांचं कापड निघे. ज्या उमेदवाराने दोन-दोन रुपयांच्या शेकडो पावत्या फाडल्या, त्याच्यावर शेकडो लोकांचा हक्क असे. निवडून आल्यावर त्याला रस्त्यात अडवून नळाला पाणी का नाही, असं विचारणाऱ्या बाईच्या आवाजात जी जरब होती, तिच्यामागे ती दोन रुपयांची पावती होती.

ती रीत आपल्या तालुक्यात का संपली, याचं माझं उत्तर जमिनीत आहे. १९८८ मध्ये वसई-विरारची हिरव्या पट्ट्यातली मोठी जमीन बांधकामाला मोकळी करण्याचा निर्णय झाला, १९९० मध्ये सिडको इथली नियोजन प्राधिकरण झाली. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीने लोकांना रस्त्यावर आणलं, तो इतिहास वसईकरांना ठाऊक आहे. वाडीच्या जागी इमारत आली की तिच्यातल्या प्रत्येक परवानगीला किंमत येते. चटईक्षेत्र, रस्त्याची रुंदी, पाण्याची जोडणी. ज्याचा नफा आमदाराच्या किंवा नगरसेवकाच्या शब्दावर अवलंबून, त्याला एकट्याने मोठी देणगी देणं परवडतं, आणि ज्याला एकाकडून मोठी देणगी मिळते त्याला बाजारात पावतीपुस्तक घेऊन फिरायची गरज उरत नाही. मी इथे कुणा एकावर बोट ठेवत नाही. देणगीला मर्यादा नसेल तर जमीन महाग झालेल्या प्रत्येक गावात हेच होणार.

इकडे दिल्लीत खर्चाच्या मर्यादेचंही काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ३ ऑक्टोबर १९७४ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या सदर मतदारसंघाच्या प्रकरणात, कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात, निकाल दिला की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्या मर्यादेत मोजला पाहिजे. न्यायमूर्ती भगवतींचं म्हणणं होतं की पक्षाला हवा तेवढा खर्च करू दिला तर मर्यादेला अर्थच राहत नाही. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढला आणि वर्ष संपायच्या आत कायदा बदलला. पक्षाने आणि मित्रांनी केलेला खर्च उमेदवाराच्या खात्यात धरायचा नाही, असं स्पष्टीकरण कलम ७७ ला जोडलं गेलं. मग १९९१ च्या नगर लोकसभा निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांचा गाजलेला खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातला मुख्य वाद प्रतिस्पर्ध्याच्या चारित्र्यावर केलेल्या विधानांचा होता. पण १९९३ च्या त्या निकालात न्यायालयाने जाता जाता सांगितलं की हे स्पष्टीकरण असेपर्यंत उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ही केवळ धूळफेक आहे. तरीही ते स्पष्टीकरण आणखी दहा वर्षं टिकलं. २००३ मध्ये ते आवळलं गेलं, आणि आता मित्रांचा खर्च उमेदवाराच्या खात्यात येतो. पक्षाच्या सर्वसाधारण प्रचाराचा आणि स्टार प्रचारकांच्या प्रवासाचा खर्च अजूनही बाहेरच आहे. मंचावर उमेदवार बसला, फलकावर त्याचं नाव लागलं, की सभेचा वाटा त्याच्या वहीत येतो. नाव नसलं की ती पक्षाची सभा. त्यामुळे मोठ्या सभेच्या आदल्या रात्री कापडी फलकांवरची नावं झाकण्याची धांदल उडते. मी ती पाहिलेली आहे.

वही आणि वास्तव यांतलं अंतर महाराष्ट्रानेच देशाला दाखवून दिलं. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत भोकरमध्ये अशोक चव्हाण यांच्या गौरवाची पानंच्या पानं वर्तमानपत्रांत आली. पत्रकार पी. साईनाथ यांनी ती उजेडात आणली. चव्हाणांच्या हिशेबात वर्तमानपत्री जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये होता. पराभूत उमेदवार माधव किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि ५ मे २०१४ ला न्यायालयाने मान्य केलं की आयोगाला हिशेबाचा खरेपणा तपासता येतो. आयोगाने त्यानंतर काढलेला आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला आणि चव्हाणांवरची टांगती तलवार गेली. पण त्या निकालाने आम्हा वही लिहिणाऱ्यांचं काम कायमचं बदललं. हिशेब दाखल केला म्हणजे सुटलो, हे दिवस संपले. मधल्या काळात, जून २०१३ मध्ये, गोपीनाथ मुंडे मुंबईतल्या एका समारंभात उघडपणे बोलून गेले की २००९ च्या लोकसभा निवडणुकीत आपला आठ कोटी खर्च झाला. मर्यादा होती २५ लाख. आयोगाची नोटीस आली, पण त्यांची खासदारकी गेली नाही. मुंड्यांच्या त्या वाक्याबद्दल मला आदरच वाटतो. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट एका मोठ्या नेत्याने चारचौघांत म्हटली होती.

आणि मग देणगीवरची उरलीसुरली मर्यादाही गेली. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यात ती सरासरी नफ्याच्या साडेसात टक्के होती. २०१७ च्या वित्त कायद्याने ती काढून टाकली. तोट्यातली कंपनीही आता हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. त्याच कायद्याने निवडणूक रोखे आणले, ते मार्च २०१८ पासून स्टेट बँकेच्या ठरावीक शाखांतून विकले जाऊ लागले. हजारापासून कोटीपर्यंतचे रोखे, आणि घेणाऱ्याचं नाव मतदाराला कळू नये अशी व्यवस्था. एकूण सुमारे १६,५१८ कोटी रुपयांचे रोखे विकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने ही योजना घटनाबाह्य ठरवली. लोकांनी रोख्यांची चर्चा केली, यादी चाळली. माझ्या दृष्टीने त्या निकालाचा दुसरा भाग तितकाच मोठा आहे. कंपन्यांच्या देणगीवरची मर्यादा उठवणं हेही न्यायालयाने मनमानी ठरवलं आणि साडेसात टक्के परत आले. १९५७ मध्ये छागलांनी संसदेकडे जे मागितलं होतं, ते ६७ वर्षांनी न्यायालयाला स्वतः परत मिळवून द्यावं लागलं.

पण साडेसात टक्के ही कंपनीच्या नफ्याशी जोडलेली मर्यादा आहे. हजार कोटी नफ्याच्या कंपनीला ७५ कोटी देता येतात. माणसाला, भागीदारी पेढीला, पक्षाला तीही नाही.

त्याच वर्षाच्या शेवटी विधानसभेची निवडणूक झाली. १९ नोव्हेंबर २०२४, मतदानाच्या आदल्या दिवशी, विरारमधल्या एका हॉटेलात पैसेवाटपाच्या आरोपावरून जो गोंधळ झाला तो साऱ्या देशाने दूरदर्शन संचावर पाहिला. आरोप ज्यांच्यावर झाला त्यांनी तो ठामपणे नाकारला, आणि दोषी कोण हे सांगणं माझं काम नाही. हॉटेलात ९ लाख ९३ हजार रुपये सापडल्याचं अधिकाऱ्यांनी जाहीर केलं. त्या रात्री मी एका उमेदवाराची गुलाबी पानं पुरी करत बसलो होतो. दहा हजारांच्या वरचा खर्च चेकनेच करायचा, पन्नास हजारांहून जास्त रोकड गाडीत सापडली तर कागद दाखवायचे, हे नियम मी दिवसभर पोरांना समजावले होते. वसईचं नाव देशभर असं गाजावं याचं मला त्या रात्री अतोनात दुःख झालं, आजही होतं.

दुसऱ्या देशांनी यावर काय केलं? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये बकली खटल्यात आपल्या अगदी उलट वाट धरली. देणगीवर मर्यादा चालेल, उमेदवाराच्या खर्चावर चालणार नाही. त्यांच्या टेक्सास, व्हर्जिनियासारख्या राज्यांत राज्याच्या निवडणुकीला देणगीची मर्यादा आजही नाही. ब्रिटनने २००० मध्ये पक्षाच्या खर्चावरही मर्यादा घातली. मला सगळ्यांत पटतो तो कॅनडातला क्वेबेक प्रांत. रेने लेव्हेक यांच्या सरकारने तिथे १९७७ मध्ये ठरवलं की देणगी फक्त मतदाराने द्यायची, कंपनीने नाही आणि कामगार संघटनेनेही नाही. ती मर्यादा उतरवत उतरवत २०१३ पासून वर्षाला १०० डॉलरवर आणली, निवडणुकीच्या वर्षी आणखी १००. बाकीचा भार सरकारी तिजोरी उचलते. तिथेही पळवाटा निघाल्या, त्यांवर चौकश्या झाल्या. तरी मतदारानेच द्यायचं हे तत्त्व त्यांनी सोडलं नाही. पापडीच्या बाजारातल्या त्या दोन रुपयांच्या पावतीला त्यांनी कायदा केलं आहे.

आपल्याकडे हे अशक्य आहे, असं मला कुणी सांगू नये. दिनेश गोस्वामी समिती १९९० मध्ये झाली, इंद्रजित गुप्ता समिती १९९८ मध्ये, सोलापूरचे न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा अध्यक्ष असताना विधी आयोगाने २०१५ मध्ये यावर भला मोठा अहवाल दिला. शिफारशींचा दुष्काळ नाही. मला हवा आहे तो कायदा एका पानात मावतो. विधानसभेच्या एका उमेदवाराला एका मतदाराने जास्तीत जास्त किती द्यावे, याचा आकडा ठरवा, आणि तो वसईतल्या नोकरदाराच्या एका पगाराच्या आत ठेवा. पक्षाने एका मतदारसंघात किती खर्च करावा, याचाही आकडा ठरवा. वीस हजारांपर्यंतच्या देणगीदारांची नावं पक्षाला आज आयोगाला द्यावी लागत नाहीत, ती सवलत काढा. हे होईल तेव्हा वहीची जमेची बाजू खर्चाच्या बाजूइतकी सच्ची होईल.

तोवर वाचकांना एक विनंती. निवडणूक संचालन नियमांतल्या ८८ व्या नियमाप्रमाणे कुणाही माणसाला एक रुपया शुल्क भरून उमेदवाराचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे पाहता येतो आणि साक्षांकित प्रतही मागता येते. निवड रद्द व्हावी यासाठी याचिका करायची तर निकालापासून ४५ दिवसांची मुदत असते. पतपेढीचा ताळेबंद जसा वाचता तसा हाही वाचा. पालघरला जा, एक रुपया भरा, शेवटच्या अनुसूची उघडा आणि पैसे कुणी दिले ते पाहा. आमच्या वह्या तिथे आहेत, आणि त्या वाचायला माणसं यावीत म्हणूनच आम्ही त्या लिहितो.